शेवाळाची किमया

विहिरीच्या पायऱ्यांवर, नदीच्या घाटावर, गुरांच्या डोणीत आणि पावसाळ्यात अंगणातील फरशीवर हिरवे, बुळबुळीत शेवाळ साचते. त्यावरून ज्याचा पाय कधी घसरला नाही, असा मनुष्य विरळाच. घरातील वडील माणसे ते खराट्याने घासून काढतात आणि मुलांना तेथून जपून चालण्यास बजावतात. शेवाळ म्हणजे घाण, शेवाळ म्हणजे निरुपयोगी वस्तू, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ह्याच शेवाळाच्या कुळात डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा काही वनस्पती आहेत, की ज्यांच्या अंगी पाण्यातील विष वेचून घेण्याचा विलक्षण गुण असतो. हा गुण कधी मनुष्याच्या नाशास कारण झाला, तर कधी त्याच्या कल्याणासाठी राबविला गेला. ही हकीकत समजून घ्यावयाची, तर प्रथम जपानमधील एका गावाकडे वळले पाहिजे.

जपानच्या दक्षिण भागात क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता हे गाव वसलेले आहे. तेथील समुद्र शांत व मासळीने समृद्ध. किनाऱ्यावरील कोळी पिढ्यान् पिढ्या त्यावरच उपजीविका करीत आले. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथे चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. मासे निपचित होऊन पाण्यावर तरंगू लागले. कावळे उडता उडता खाली कोसळू लागले. कोळ्यांच्या घरची मांजरे वेड्यासारखी गरगर फिरत, नाचल्यासारखी उड्या मारीत आणि अखेर तडफडून मरत. हे काय चालले आहे, ते कोणासच उमगेना.

पुढे हे संकट माणसांवर आले. १९५६ सालच्या एप्रिल महिन्यात एका पाच वर्षांच्या मुलीला गावातील रुग्णालयात आणण्यात आले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना आणि तिचे हातपाय झटके देत होते. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीची तीच अवस्था झाली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा ह्यांच्या ध्यानात आले, की हा रोग नेहमीचा नव्हे. १ मे १९५६ रोजी ह्या अज्ञात रोगाची बातमी सरकारच्या आरोग्य कार्यालयास कळविण्यात आली. चौकशी होताच शेजारपाजारच्या घरांतूनही असेच रुग्ण आढळले. रोग संसर्गजन्य असावा, अशी प्रथम भीती वाटली. त्यामुळे रोगाचे दुःख एकीकडे आणि शेजाऱ्यांनी टाकलेला बहिष्कार दुसरीकडे, अशा दुहेरी यातना त्या गरीब कुटुंबांना सोसाव्या लागल्या.

हळूहळू एक गोष्ट उघड झाली. आजारी पडलेली सर्व माणसे आणि मांजरे एकाच उपसागरातील मासे खात होती. त्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी सोडले जाई. त्या कारखान्यातील एका प्रक्रियेत पाऱ्याच्या क्षाराचा उपयोग करीत. त्यातील थोडा पारा मेथिल पारा ह्या अत्यंत विषारी रूपात बदले आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. डॉ. होसोकावा हे ज्या रुग्णालयाचे प्रमुख होते, ते ह्याच कारखान्याने चालविलेले होते. तरीही सत्य शोधून काढण्यासाठी १९५९ साली त्यांनी एका मांजराच्या अन्नात हे सांडपाणी मिसळून पाहिले. त्या मांजरास तोच रोग जडला. परंतु हा निष्कर्ष त्या वेळी लोकांपुढे येऊ दिला गेला नाही. सांडपाण्यातून पारा जातच राहिला. १९६८ साली ती प्रक्रिया बंद झाली आणि त्याच वर्षी सरकारनेही रोगाचे खरे कारण जाहीर केले. तोवर बारा वर्षे लोटली होती. दोन हजारांहून अधिक माणसांना ह्या रोगाचे रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. त्यांपैकी अनेक मरण पावले. काही बालके तर आईच्या पोटातच विषाने ग्रासली जाऊन जन्मास आली.

समुद्र एवढा अफाट आणि कारखान्याचे पाणी त्या मानाने थोडेसे. मग समुद्राच्या पाण्यात मिसळून ते विष नाहीसे का झाले नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्म शैवालापाशी मिळते.

समुद्राच्या, तळ्याच्या किंवा नदीच्या पाण्यात असंख्य एकपेशीय शैवाले तरंगत असतात. ती पाण्यातील मेथिल पारा शोषून घेतात. त्यांच्या अंगात पाऱ्याचे प्रमाण पाण्याच्या मानाने हजारो पटींनी, कधी कधी तर लक्षपटीनेही वाढते. ही शैवाले पाण्यातील बारीक जीव खातात. त्या जीवांना लहान मासे खातात. लहान मासे मोठ्या माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात आणि मोठे मासे मनुष्याच्या ताटात येतात. प्रत्येक पायरीवर विष अधिकाधिक साचत जाते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण जशी धनाच्या बाबतीत खरी आहे, तशी ती विषाच्या बाबतीतही खरी ठरते. मिनामाताच्या कोळ्यांनी पारा कधी डोळ्यांनी पाहिलाही नसेल. पण शैवालाने तो पाण्यातून वेचला आणि माशांनी तो त्यांच्या घरापर्यंत पोहोचविला.

पारा, शिसे, कॅडमियम अशा धातूंना जड धातू म्हणतात. त्यांचा एक दुर्गुण फार महत्त्वाचा आहे. पालापाचोळा कुजतो व त्याची माती होते. पाण्यात पडलेले मेलेले जनावरही काही काळाने नाहीसे होते. धातू मात्र कुजत नाही आणि नष्ट होत नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाईल, एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलेल. पण धातू तो धातूच राहील. शिवाय तो पाण्यात विरघळला म्हणजे दिसत नाही आणि पाणी उकळले तरी निघून जात नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लक्षांश भागापेक्षा, अधिक शिसे असू नये असा दंडक आहे. ह्याचा अर्थ असा, की अवघे एक ग्रॅम विरघळलेले शिसे एक लक्ष लिटर पाणी ह्या मर्यादेपर्यंत आणून सोडते. इतक्या अल्प प्रमाणात पसरलेले विष पाण्यातून बाहेर काढावयाचे, म्हणजे गवताच्या गंजीतून सुई शोधण्याइतकेच अवघड काम होय.

परंतु जे काम अवघड आहे, तेच शैवाल सहज करीत असते! पाण्यात विखुरलेला धातू गोळा करणे हाच तर त्याचा गुण. हा गुण माशांच्या मार्गाने मनुष्यापर्यंत आला, तेव्हा त्याने घात केला. मग शैवाल माशाच्या तोंडी जाण्यापूर्वीच ते पाण्यातून काढून घेतले तर? तर शैवालाबरोबर विषही बाहेर येईल आणि मागे उरलेले पाणी शुद्ध होईल. सूक्ष्म शैवालांच्या साहाय्याने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीमागील मुख्य कल्पना ती हीच.

ह्या कामी ज्यांचा उपयोग होतो, अशा शैवालांत क्लोरेला हे फार प्रसिद्ध आहे. हॉलंडमधील शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक ह्यांनी १८९० साली त्याचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. क्लोरेला म्हणजे एक हिरवी, वाटोळी, एकटीच राहणारी पेशी. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. ती इतकी लहान असते, की सुमारे दोनशे पेशी एका ओळीत मांडल्या तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तरीही मोठ्या वृक्षाप्रमाणेच ती सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू ह्यांच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करते व प्राणवायू बाहेर सोडते. पूर्ण वाढ झाली म्हणजे एका पेशीच्या पोटातून बहुधा चार लहान पेशी बाहेर पडतात. ऊन आणि खत पुरेसे मिळाले, तर स्वच्छ दिसणारे पाणी थोड्याच दिवसांत हिरवेगार होऊन जाते.

क्लोरेलाचा लहानपणा हेच तिचे बळ आहे. गुळाच्या ढेपेवर बसू शकतील त्याहून कितीतरी अधिक माश्या, तीच ढेप फोडून पसरली म्हणजे बसू शकतात; कारण तुकडे केल्याने उघडा पृष्ठभाग वाढतो. त्याचप्रमाणे असंख्य सूक्ष्म पेशींचा एकूण पृष्ठभाग फार मोठा होतो आणि त्यावर धातूचे पुष्कळ कण बसू शकतात.

हे कण पेशीवर कसे बसतात, तेही पाहण्याजोगे आहे. पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर अनेक जागी ऋण विद्युतभार असतो. पाण्यात विरघळलेल्या शिसे, तांबे, कॅडमियम ह्यांसारख्या धातूंच्या कणांवर धन विद्युतभार असतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून माळरानावरून चालणाऱ्या वाटसरूच्या धोतरास जशी कुसळे चिकटतात, तसे धातूचे कण पेशीच्या भिंतीस चिकटतात. पुष्कळदा त्या जागी आधीच कॅल्शियमचे किंवा मॅग्नेशियमचे निरुपद्रवी कण बसलेले असतात. शिशाचा कण आला, की तो त्यांस उठवून त्यांच्या जागी ठाण मांडतो. ही सारी क्रिया काही मिनिटांत, फार तर काही तासांत घडून येते.

येथे एक आश्चर्य असे, की हे काम करण्यासाठी पेशी जिवंत असावीच लागते असे नाही. शैवाल वाळवून त्याची पूड केली, तरी भिंतीचा गुण कायम राहतो. मेलेल्या शैवालास ऊन नको, खत नको आणि विषाची भीतीही नको. जिवंत पेशी मात्र ह्याहून एक पाऊल पुढे टाकते. काही धातू तिच्या आत शिरले, तर ती गंधकयुक्त असा एक विशेष पदार्थ तयार करते. तो पदार्थ कॅडमियमसारख्या धातूस घट्ट धरून ठेवतो. नंतर असा बांधलेला धातू पेशीतील एका पोकळीत नेऊन ठेवला जातो. घरातील धोक्याची वस्तू मुलांच्या हाती लागू नये म्हणून कोठीघरात कुलपात ठेवावी, तसाच हा प्रकार होय. अर्थात पेशीच्या ह्या शक्तीलाही मर्यादा आहे. विष फार झाले, तर पेशी मरते.

धातूने भरलेल्या शैवालाचे पुढे काय करावयाचे? बहुतेक धातूंच्या बाबतीत ते सौम्य आम्लाने धुता येते. आम्लात हायड्रोजनचे धनभारित कण विपुल असतात. ते पेशीच्या भिंतीवरील जागा बळकावतात आणि धातूचे कण सुटून आम्लात उतरतात. अशा रीतीने पुष्कळ पाण्यात पसरलेला धातू थोड्याशा आम्लात एकत्र होतो आणि शैवाल पुन्हा कामास सिद्ध होते. ह्याच कारणामुळे मूळ पाणी फार आंबट असेल, तर शैवालास बहुतेक धातू नीट पकडता येत नाहीत. पारा व सोने हे मात्र आम्लातही शैवालास चिकटून राहतात. त्यांना सोडविण्यास निराळी रसायने वापरावी लागतात.

हा भेद फार उपयोगाचा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डेनिस डार्नाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी क्लोरेलावर अनेक प्रयोग केले. पाण्याची आम्लता कमीजास्त केली असता सोने, तांबे, जस्त इत्यादी धातू निरनिराळ्या वेळी शैवालापासून सोडविता येतात, असे त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. मात्र नुसती पूड नळीत भरली, तर ती दबून बसे आणि पाणी पुढे सरकत नसे. म्हणून मृत पेशी सिलिकाच्या सच्छिद्र कणांत बसविण्याची युक्ती काढण्यात आली. असे कण भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडले, की धातू आत अडकून राहतो आणि पाणी पुढे जाते. १९८९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पाऱ्याने दूषित झालेल्या भूजलावर ह्या पद्धतीची चाचणी घेण्यात आली. ज्या पाऱ्याने मिनामाताचा घात केला, तोच पारा आता शैवालाकरवी पकडला जात होता.

असे असूनही शैवाल म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण औषध नव्हे. जिवंत पेशी इतक्या सूक्ष्म असतात, की हिरव्या पाण्यातून त्यांना वेगळे करणे खर्चाचे पडते. पाण्यात अनेक धातू एकत्र असले, तर ते जागेसाठी आपसात झगडतात. धातूचे प्रमाण फार असेल, तेथे चुन्यासारख्या स्वस्त पदार्थाने त्याचा साका तळाशी बसविणे सोयीचे ठरते. त्यानंतर मागे राहिलेला अल्प धातू काढण्यास शैवाल अधिक योग्य. शिवाय धातूने भरलेले शैवाल हे स्वतःच विष असते. ते गुरांच्या वैरणीत घालता येत नाही, शेतात टाकता येत नाही की ओढ्यात सोडता येत नाही. त्याची नीट विल्हेवाट लावली नाही, तर पकडलेला चोर पुन्हा मोकळा सोडल्यासारखे होईल. शैवाल विष नाहीसे करीत नाही; ते फक्त विष गोळा करते. पुढची जबाबदारी मनुष्याचीच आहे.

ही जबाबदारी किती जड असते, ते मिनामाताच्या लोकांनी अनुभवले. उपसागराच्या तळाशी साचलेला पारायुक्त गाळ काढून किनाऱ्याचा काही भाग भरून काढण्याचे काम १९७७ साली सुरू झाले आणि ते १९९० साली संपले. सुमारे ५८ हेक्टर समुद्राची त्यामुळे जमीन झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत, म्हणून उपसागराच्या तोंडाशी १९७४ साली जाळे लावले होते. मासे सुरक्षित असल्याची खात्री पटल्यावर, १९९७ साली ते काढण्यात आले. पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. त्याला ‘मिनामाता करार’ असेच नाव देण्यात आले. भारतानेही २०१८ साली त्यास मान्यता दिली.

पाण्यात विष कालविण्यास एक नळ पुरतो; ते विष काढण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात आणि जे जीव गेले, ते तर परत येतच नाहीत. म्हणून विष पाण्यात जाऊच न देणे हा पहिला उपाय आणि गेलेले विष काढणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या कामी पायरीवरचे क्षुद्र वाटणारे शेवाळ आणि त्याचे अदृश्य भाऊबंद मनुष्याचे सहायक होऊ शकतात. सृष्टीतील कोणतीही वस्तू निरुपयोगी नाही; तिचा गुण ओळखणारी दृष्टी मात्र हवी.

शब्दार्थ

डोण – गुरांना पाणी पाजण्यासाठी केलेले दगडी किंवा लाकडी पात्र. उपजीविका – पोट भरण्याचे साधन. शैवाल – शेवाळ. एकपेशीय – एकाच पेशीचे शरीर असलेले. दंडक – ठरलेला नियम. ठाण मांडणे – पक्के बसणे. साका – द्रवाच्या तळाशी बसलेला गाळ. सच्छिद्र – छिद्रे असलेले.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिनामाताच्या लोकांना प्रथम कोणत्या चमत्कारिक गोष्टी दिसल्या?
(आ) डॉ. होसोकावा ह्यांनी मांजरावर प्रयोग का केला? त्यातून काय सिद्ध झाले?
(इ) पालापाचोळा आणि धातू ह्यांत कोणता महत्त्वाचा फरक आहे?
(ई) मृत शैवाल वापरण्याचे कोणते फायदे आहेत?

२. कारणे सांगा.
(अ) समुद्र अफाट असूनही पाऱ्याचे विष माणसांपर्यंत पोहोचले.
(आ) फार आंबट पाण्यात शैवालास बहुतेक धातू नीट पकडता येत नाहीत.
(इ) धातूने भरलेले शैवाल गुरांना चारता येत नाही.

३. ‘शैवालाचा जो गुण घातक ठरला, तोच उपकारक ठरला.’ हे विधान पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
ठाण मांडणे, भक्ष्यस्थानी पडणे, आळा घालणे, विल्हेवाट लावणे.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
सूक्ष्म, अल्प, उपकारक, शुद्ध, जिवंत.

६. करून पाहा : गावच्या तळ्यातील किंवा डोणीतील थोडे हिरवे पाणी शिक्षकांच्या देखत एका काचेच्या बाटलीत घ्या. दुसऱ्या बाटलीत तसेच पाणी घेऊन ती काळ्या कागदाने पूर्ण झाका. दोन्ही बाटल्या आठ दिवस खिडकीत ठेवा. कोणत्या पाण्याचा रंग गडद झाला व कोणत्याचा फिका झाला, ते वहीत नोंदवा आणि त्याचे कारण वर्गात सांगा. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा.